लाखेचं फूल

माझ्या आजीचा कुंकवाचा करंडा मी आयुष्यात दोनदा तराजूत ठेवलेला पाहिला. पहिल्यांदा तो मोडायला नेला होता, दुसऱ्यांदा दुरुस्तीला. दोन्ही वेळा तो जसा गेला तसाच घरी परत आला. मधल्या काळात चांदीचा भाव कुठल्या कुठे गेला, सराफाच्या गादीवरचा पारड्यांचा तराजू जाऊन लाल आकडे दाखवणारा काटा आला. करंडा मात्र तेव्हाही सहा तोळ्यांच्या थोडा वर होता आणि आजही तेवढाच आहे.

माझं आजोळ नागऱ्याचं. गोंदियाहून बालाघाटच्या रस्त्याने निघालं की पाच-सहा किलोमीटरवर हे गाव लागतं. आजूबाजूला धानाच्या बांध्या, आणि गावाची ओळख म्हणजे जुनं दगडी शिवमंदिर. महाशिवरात्रीला इथे मोठी गर्दी होते. आजी त्या दिवशी अंधारातच देवळात जाऊन यायची. आली की करंडा उघडायची आणि आम्हा नातींना ओळीने बसवून कुंकू लावायची. एरवी त्या करंड्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

मोठ्या लिंबाएवढा तो करंडा. चांदीचा. खाली तीन बारीक पाय, वर घुमटासारखं झाकण. झाकणावर मिन्याचे दोन पोपट, हिरव्या अंगाचे आणि निळ्या शेपटीचे, समोरासमोर बसलेले. त्यांच्या मधोमध पाच पाकळ्यांचं लाल फूल. आत दोन कप्पे, एकात मेण आणि एकात पिंजर. आजीच्या लग्नात, म्हणजे दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधी, तो नागपुरातून आला होता असं ती सांगायची. कुणी घडवला, कुठे घडवला हे तिला ठाऊक नव्हतं आणि ते विचारायचं असतं असंही कधी तिच्या मनात आलं नसावं. करंड्याबद्दल तिचा एकच नियम होता आणि तो ती दिवसातून एकदा तरी बजावायची : ‘‘चुलीपाशी नोको ठेवू वं डबी, फूल पघळते.’’

चांदीवरचं फूल चुलीच्या धगीने कसं पघळेल, हे मला कळायचं नाही. म्हातारीचं काहीतरी, असं म्हणून आम्ही सोडून द्यायचो.

पहिल्या तराजूची गोष्ट मामाच्या विहिरीची आहे. विहिरीवर मोटर बसवायची होती आणि हाती पैसा नव्हता. घरातलं सोनं आधीच मोडून झालं होतं. आजीने काही न बोलता करंडा पदराखाली घेतला आणि आम्ही एका सराफाकडे गेलो. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. त्याने करंडा आतून-बाहेरून पाहिला, कसाला घासला, तोलला आणि कागदावर आकडे मांडले. एकूण वजन इतकं. त्यातून मिन्याचं वजन वजा, भरावाचं वजन वजा, घट वजा. राहिली ती चांदी, तिचे इतके रुपये. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण वजाबाकी तिला चांगली समजत होती. तिने झाकणावर बोट ठेवून विचारलं, ‘‘आन या पोपटाइचे?’’ सराफ हसला. म्हणाला, ‘‘आजी, पोपटाचेच तर कापले.’’

आजीने करंडा उचलला, पदराखाली घेतला आणि आम्ही घरी आलो. पुढच्या आठवड्यात दुभती म्हैस विकली गेली.

तो सराफ लबाड नव्हता, हे मला फार उशिरा समजलं. त्याचा हिशेब बाजाराच्या नियमाने अगदी चोख होता. त्याला चांदी वितळवायची होती, आणि वितळवणाऱ्याच्या दृष्टीने पोपट म्हणजे चांदीला चिकटलेली काच. ती काढून टाकायचा खर्च त्यालाच पडणार. ज्याने ते पोपट खोदले, रंगवले, भाजले त्याची आठ-दहा दिवसांची मेहनत या हिशेबात नुसती शून्य नव्हती, ती उणे होती. दागिन्याच्या बाबतीत आपली भाषाही किती निर्दय आहे पाहा. आपण दागिना ‘घडवतो’ आणि अडीनडीला ‘मोडतो’. घडणावळ द्यायची तीही सोनाराला आणि मोडायला जायचं तेही त्याच्याचकडे. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा : या मापात कारागिराचा हात कुठेच बसत नाही. सोनं हे आपलं पोस्टाचं खातं. त्या खात्यावर नक्षी असली काय नि नसली काय!

म्हणूनच आपल्याकडे जुन्या सोन्याच्या डब्या, अत्तरदाण्या, पानदानं इतकी कमी उरली. केली गेली नाहीत, असं अजिबात नाही. पेशव्यांच्या दरबारात आणि नागपूरकर भोसल्यांच्या दरबारात निरोपाचे विडे आणि अत्तर देण्याची रीत होती, आणि ते काही पानाच्या द्रोणातून दिलं जात नसणार. मुघलांकडे तर सोन्याच्या पानदानांवर मिना आणि हिरे-माणकांचं जडावकाम असे. युरोपात अठराव्या शतकात हीच जागा तपकिरीच्या डबीने घेतली. आपल्या आजोबांच्या कोपरीच्या खिशात असायची तीच तपकिरीची डबी, फक्त पॅरिसच्या सोनारांनी केलेली, सोन्याची, झाकणावर मिन्याने रंगवलेलं चित्र आणि कडेला हिरे. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिक राजाला या डब्यांचं वेडच होतं. 1759 च्या कुनर्सडॉर्फच्या लढाईत खिशातल्या डबीवर गोळी आदळल्यामुळे तो वाचला, असं सांगतात. तपकिरीने माणूस वाचल्याचं हे एकच उदाहरण असावं.

पण अशा डब्या वाचतात कशा, हा माझा मूळ प्रश्न आहे. त्याचं मला सापडलेलं सगळ्यात बोलकं उत्तर अमेरिकेतलं आहे.

रशियाचे झार ईस्टरला राणीला मौल्यवान अंडं भेट देत. 1885 साली सुरुवात झाली. पहिलं अंडं बाहेरून पांढऱ्या मिन्याचं, आत सोन्याचा पिवळा बलक, त्याच्या आत सोन्याची कोंबडी. करणारा सेंट पीटर्सबर्गचा पीटर कार्ल फॅबर्जे. अंडं म्हणजे शेवटी उघडणारी डबीच. आत काय आहे याची उत्सुकता हेच तिचं काम. 1917 च्या क्रांतीनंतर ही अंडी जगभर विखुरली, काही बेपत्ता झाली. त्यातलं तिसरं, 1887 सालचं, अमेरिकेत मोडीचा व्यापार करणाऱ्या एका माणसाच्या हाती लागलं. जुन्या बाजारात त्याने ते सुमारे चौदा हजार डॉलरला घेतलं. बेत साधा होता : सोनं वितळवायचं, वर चार पैसे काढायचे. पण त्याचा अंदाज चुकला. तो ज्याच्या-ज्याच्याकडे गेला त्याने वजनाप्रमाणे त्याच्या खरेदीहून कमीच भाव सांगितला. तोटा सोसायची त्याची तयारी नव्हती म्हणून ते अंडं तसंच घरी पडून राहिलं. काही वर्षांनी त्याने आतल्या घड्याळावरचं ‘व्हॅशेरॉन कॉन्स्टँटिन’ हे नाव संगणकावर शोधलं तेव्हा आपल्या घरात काय आहे ते त्याला कळलं. 2012 मध्ये लंडनच्या वार्ट्स्की या पेढीने ते ओळखलं आणि 2014 मध्ये लोकांना पाहायला मांडलं.

ही गोष्ट बहुतेक जण नशीब उघडल्याची म्हणून सांगतात. मला तिच्यात माझ्या आजीचा सराफ दिसतो. ते अंडं कुणाच्या रसिकतेने वाचलं नाही. मोडीच्या हिशेबात ते परवडलं नाही, म्हणून वाचलं.

हा हिशेब ज्यांना परवडला त्यांची गोष्ट आपल्या घराजवळची आहे. आज जो गोंदिया जिल्हा आहे तो 1 मे 1999 पर्यंत भंडाऱ्यात होता, आणि त्याच्याही मागे हा सगळा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. तिसरे रघुजी 11 डिसेंबर 1853 रोजी वारले. पोटी मुलगा नव्हता. दत्तक मान्य न करता गव्हर्नर-जनरल डलहौसीने पुढच्या वर्षी राज्य खालसा केलं. राज्य गेलं हे शाळेच्या पुस्तकात असतं. वाड्याचं काय झालं ते सहसा नसतं. दुसऱ्या रघुजींची विधवा बांकाबाई, वयाने थकलेली, विरोध करत राहिली. तरी हत्ती, घोडे, बैल लिलावात गेले, पडत्या भावाने गेले, आणि जडजवाहीर कलकत्त्याला पाठवून तिथे विकलं गेलं. हे कुणा रागावलेल्या मराठी माणसाने लिहिलेलं नाही; अठराशे सत्तावनचा इतिहास लिहिणाऱ्या जॉन के या इंग्रजानेच ते नोंदवलं आहे, आणि तेही शरमेच्या सुरात.

त्या पेट्यांमध्ये काय काय होतं याचा विचार मी अनेकदा केला आहे. हार, तुरे, कंठे तर असणारच. पण राजवाड्याच्या जनानखान्यात करंडे असतात, पानाचे डबे असतात, अत्तराच्या कुप्या असतात, काजळाच्या डब्या असतात. लिलावात हिरा हिऱ्याच्या भावाने जातो, तो डबीतून उचकटून काढला की डबीचं उरतं काय? तोळे. उरलेल्याची रवानगी मुशीत.

2025 च्या एप्रिलमध्ये पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार लंडनला लिलावात निघाली आणि महाराष्ट्र सरकारने 47 लाखांहून अधिक रुपये मोजून ती घेतली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पात्यावर रघुजींचं नाव देवनागरीत सोन्याने लिहिलेलं आहे. मलाही आनंद झाला, नाही असं नाही. पण इतिहास म्हटला की आपल्याला तलवारच आठवते. तलवार लोखंडाची असते. लोखंड मोडून फारसं हाती लागत नाही, म्हणून ती राहते. ज्या हातांनी ती पेलली त्यांना ज्या हातांनी विडा दिला, त्या हातातला डबा सोन्याचा होता. तो वितळला. आपला भूतकाळ आपल्याला आहे त्याहून जास्त लढाऊ वाटतो त्याचं एक कारण हेही असेल.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलं की याची दुसरी बाजू दिसते. दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणारे गृहस्थ. अकाली गेलेल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी संग्रहालयाला नाव दिलं. गावोगाव हिंडून, दारोदार विचारून त्यांनी सुमारे वीस हजार वस्तू जमवल्या. दिवे, अडकित्ते, दौती, वज्री, करंडे, डबे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथून हलवत नव्हतं. आणि बाहेर पडल्यावर एक गोष्ट डोक्यात आली. तिथलं बहुतेक पितळेचं होतं. लाकूड, तांबं, कासं, हस्तिदंत. मराठी माणसाला सोन्याचं वावडं होतं म्हणून नव्हे. केळकर दारी पोचेपर्यंत पितळ फडताळात शाबूत होतं, सोनं कधीच मोडलं गेलं होतं. गरीब धातूने कारागिराचा हात जपून ठेवला. श्रीमंत धातूने तो गिळला.

आता दुसरा तराजू. आजी जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. करंडा आईकडे, आईनंतर माझ्याकडे. भाचीच्या लग्नात रुखवतात मांडावा म्हणून मी तो काढला. काळवंडला होता. घरातलं कुणी अडवायला नव्हतं, म्हणून कढत पाण्यात सोडा टाकून मी त्यात तो बुडवला आणि दुसऱ्या कामाला लागले. परत येऊन पाहते तो पोपट लखलखीत, आणि फुलाची एक पाकळी जागेवरून घसरून कडेला आलेली. फूल पघळलं होतं. चाळीस वर्षांपूर्वीचं आजीचं वाक्य कानात वाजलं आणि मी मट्कन खाली बसले.

गोंदियात एक वृद्ध सोनार आहेत, अजून बागेसरीच्या शेगडीपाशी बसून हाताने काम करणारे. त्यांनी सवयीने करंडा आधी तोलला, मग भिंग लावून बराच वेळ पाहत राहिले. मग एक सुई निखाऱ्यावर धरली आणि तिचं टोक त्या लाल पाकळीला हलकेच लावलं. धुराची एक बारीक रेघ निघाली. ‘‘बाई, वास ओळखता का?’’ मी ओळखला. तो पोस्टातला वास होता. रजिस्टर पार्सलच्या दोऱ्यावर मेणबत्तीने पघळवून मोहोर उठवायचे, त्या लाखेचा. ‘‘हे लाल मिना नाई,’’ ते म्हणाले. ‘‘पोपट मिना आहेत. फूल लाख आहे.’’

मिना म्हणजे काच. आधी धातूवर नक्षीची जागा कलमाने खोदून खोलगट करतात आणि तिचा तळ मुद्दाम रेघारेघांचा ठेवतात. काच तिथे धरून राहते आणि उजेड त्या रेघांवर आपटून रंगातून वर येतो. काच खलात बारीक कुटतात, धुतात, ओली पूड सुईच्या टोकाने त्या खळग्यात भरतात, वाळवतात आणि भट्टीत घालतात. साधारण सातशे-आठशे अंशांना ती वितळून धातूशी एकजीव होते. चांदी 961 अंशांना वितळते. म्हणजे काच वितळेल पण चांदी वितळणार नाही, अशा अरुंद पट्ट्यात कारागीर काम करतो आणि त्याच्याकडे मोजायला डोळ्याखेरीज काही नसतं. रंग धातूंच्या भस्मांचे : कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा, कथलाचा पांढरा. प्रत्येकाला लागणारी आच वेगळी. ज्याला जास्त आच तो आधी, ज्याला कमी तो नंतर, अशा पाळीने भट्टीत जावं लागतं. लाल सगळ्यात शेवटी. कारण लाल सगळ्यात नाजूक. जरा आच चढली की गेला. आणि तो उत्तम लाल येतो कशाने? काचेत मिसळलेल्या सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांनी. सोनं इथे पिवळं दिसतच नाही, माणकासारखं लाल दिसतं.

हा लाल सोन्यावर खुलतो. चांदीवर चढवला तर पिवळट, करपल्यासारखा पडतो. जयपूरच्या मिन्याची ख्याती आहे ती त्याच्या लाल रंगासाठी. आमेरच्या राजा मानसिंहाने लाहोरहून मिनाकार आणून वसवले, अशी तिथली परंपरा सांगते. तिथला उत्तम मिना सोन्यावरचा असतो. माझ्या आजीच्या करंड्याचा कारागीर चांदीवर काम करत होता, आणि गिऱ्हाईकाला लाल फूल हवं होतं. कुंकवाच्या करंड्यावर लाल नको तर काय पाहिजे? त्याने पोपट भट्टीत भाजले आणि फुलाच्या खळग्यात लाल लाख पघळवून भरली, घासून मिन्याच्या पातळीला आणली. भिंगाशिवाय कळत नाही.

‘‘म्हणजे फसवलं म्हणायचं,’’ मी म्हटलं.

‘‘फसवलं कुठं? सत्तर-ऐंशी वर्षं फूल लाल राहिलं ना? आन तुमच्या आजीला ठाऊक होतं. तुम्हीच ऐकलं नाई.’’

यावर बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. पोपटांपाशी आजीने कधी ‘पघळतात’ म्हटलं नव्हतं, फक्त फूल. तिला लाल कुठला आणि हिरवा कुठला हे नेमकं माहीत होतं. विकणाऱ्याने सांगितलं असेल किंवा एखादं चुकून झालेलं नुकसान तिने पाहिलं असेल. मी ज्याला म्हातारीचं बोलणं समजत होते ती वस्तूची सगळ्यात नेमकी माहिती होती.

आणि ती लाख कुठली? कुठलीही असेल. पण आमच्या भागात हा प्रश्न परका नाही. गोंदियाचं नावच जंगलातल्या गोंदावरून, डिंकावरून पडलं असं मानतात, आणि डिंकाच्या जोडीने जंगलातून येणारी वस्तू म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचा किडा बसतो, रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेचं कवच करतो. फांदी भरून येते. पळसा-बोरावरची ती रंगीनी लाख, कुसुमावरची कुसुमी. कुसुमीचा मान मोठा. खरवडून काढतात, धुतात, आणि धुतल्याच्या पाण्यात जो लाल रंग उतरतो तो आपला अळता. लाक्षागृहाच्या गोष्टीमुळे लाखेचं नाव उगीच बदनाम झालं आहे, नाहीतर आपल्या संसारात ती कुठे नव्हती? बांगड्यांत होती, पाळण्याच्या रंगीत लाकडी खेळण्यांवर होती, पोस्टाच्या मोहोरेत होती. जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या लाखेच्या. बालगंधर्वांचा आवाज घराघरांत गेला तो लाखेवर बसून.

सोनाराचं तर लाखेवाचून पानही हलत नाही. पोकळ दागिन्याच्या पोटात तो लाख भरतो, म्हणजे पत्रा चेपत नाही. पातळ पत्र्यावर नक्षी उठवायची तर लाखेच्या मऊ बैठकीवर पत्रा बसवून ठोकतो. कुंदनकाम म्हणजे तर पूर्ण लाखेचा खेळ. खण लाखेने भरायचा, वर चकाकी द्यायला पातळ वर्ख, त्यावर खडा, आणि खड्याच्या कडेने शुद्ध सोन्याच्या पट्ट्या हातानेच दाबत बसवायच्या. आच नाही, डाक नाही. राण्यांच्या गळ्यातल्या पाचू-माणकांखाली कुठल्या तरी जंगलातल्या किड्याची राळ असते. तराजूला ती आवडत नाही. सराफ तिला ‘भराव’ म्हणून वजा करतो. पण ती काढली तर माणिक हातात सुटं येईल.

त्या वृद्ध सोनारांचा हात चालत असताना मला नरहरी सोनाराची कथा आठवली. पंढरपूरचे नरहरी कट्टर शैव, विठ्ठलाचं तोंडही न पाहणारे. विठ्ठलासाठी सोन्याचा करगोटा करायचा तर माप घ्यायला डोळे बांधून गेले, आणि हाताला लागलं ते शंकराचं रूप. कथेचा भक्तिमार्गी अर्थ सर्वांना ठाऊक आहे. मला त्यातला सोनार आवडतो. डोळ्याला जे कळलं नाही ते त्याच्या बोटाला कळलं. माझ्या डोळ्यांना मिना आणि लाख सारखीच दिसत होती.

करंडा हा शब्द मी नंतर शोधत बसले. तो मुळात सोन्या-चांदीचा नाहीच. संस्कृतातला करंड म्हणजे वेळूची टोपली. आंब्याची करंडी आपण अजून म्हणतो. बुरुडाच्या हातची वस्तू सोनाराच्या हातात कधी गेली कोण जाणे, पण महाराष्ट्रातला सर्वांत थोर करंडा जिथे सापडला त्या जागेच्या नावात बुरूड आहे. नालासोपाऱ्याला एक विटांचा ढिगारा होता, लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला. तो बौद्ध स्तूप निघाला. आत दगडाची मोठी पेटी. तिच्यात तांब्याचा करंडा, भोवती कांस्याच्या बुद्धमूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, दगडाच्या आत स्फटिकाचा, स्फटिकाच्या आत सोन्याचा. मधे-मधे सोन्याची फुलं. आणि सगळ्यात आत, सोन्याच्या त्या चिमुकल्या करंड्यात, मातीच्या भांड्याच्या तेरा खापऱ्या. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे या श्रद्धेने कुणी तरी त्या तिथे ठेवल्या होत्या. हे करंडे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

आमच्या सराफाने तो करंडा तोलला असता तर त्याने खापऱ्या आधी वजा केल्या असत्या. मला गंमत वाटते ती त्या जुन्या सोनाराची. एकात एक बसणारी ही रांग केलेल्या कारागिरांना हे ठाऊकच असणार की आपलं काम पुरलं जाणार, कुणी पाहणार नाही, आणि आत जे जपायचं आहे त्याची बाजारात कवडीही येणार नाही. तरी झाकण नीट बसलं पाहिजे म्हणून कुणी तरी ते कानशीने घासत बसला असेल. सोनं इथे भांडवल नव्हतं, वेष्टण होतं. वितळलं नाही ते जमिनीखाली होतं म्हणून.

गोंदियाच्या सोनारांनी माझ्या करंड्याची पाकळी बसवून दिली नाही. मी आग्रह केला. नवी लाख भरणं त्यांना पाच मिनिटांचं काम होतं. ते म्हणाले, ‘‘नवी बसवली तर बाकीच्या चार जुन्या दिसतील, बाई. मग तुम्ही म्हणाल त्याही बदला. मग पोपट जुने दिसतील.’’ घसरलेली पाकळी त्यांनी सुईने अलगद सोडवली, कागदाच्या पुडीत बांधून दिली आणि पैसे घेतले नाहीत. मी निघताना विचारलं, कधी मोडायला आला असता तर? त्यांनी काट्याकडे पाहिलं. म्हणाले, ‘‘मी पण तेच कापलं असतं. धंदा आहे.’’

तुमच्याही घरी असा एखादा डबा असेल. काळा पडलेला, झाकण सैल, पाय एक कमी. मोडायला न्यायचा तर जरूर न्या, अडचण अडचण असते, माझ्या आजीने म्हैस विकली म्हणून तुम्हीही विका असं मी सांगणार नाही. पण नेण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा की या डब्याला काय सोसत नाही. आणि ती जे सांगेल ते लिहून ठेवा.

आमचा करंडा आता पुन्हा नागऱ्याला मामेभावाकडे आहे. घरात चूल नाही, गॅस आहे. करंडा देवळीत असतो, स्वयंपाकघरापासून दोन खोल्या लांब. फुलाला चार पाकळ्या आहेत, पाचवी आत, पिंजरीच्या शेजारच्या कप्प्यात, पुडीत.